बरणीतली पसंती

बऱ्हाणपूर, बुधवारा
१७ जानेवारी १९५५

प्रिय विमलताई,

तिळगूळ पार्सलनं पाठवला आहे. तुझ्या सॅनेटोरियमच्या नर्सबाई तो तुझ्यापर्यंत पोहोचू देतात की स्वतःच खाऊन गोड बोलत बसतात, कोण जाणे. माझ्या आधीच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. खोकल्यामुळे लिहवत नाही असं सांगू नकोस. तुझ्या सासूबाईंना तुझं जाडजूड पाकीट आलं, ते माझ्या हातूनच आत गेलं.

सुमी मजेत आहे. तिला 'मावशी' म्हणता येत नाही म्हणून मला 'माशी' म्हणते आणि दिवसभर माशीसारखी मलाच चिकटून असते. तुझी आठवण काढते, पण रडत नाही. तुझे यजमान, म्हणजे आमचे गजाननभाऊजी, सकाळी जरीचं दुकान उघडतात आणि संध्याकाळी बंद करतात. मधल्या वेळात बोलतात की नाही, ते गिऱ्हाइकांना ठाऊक. दिवाळीत मी महिनाभरासाठी म्हणून आले होते, अजून इथेच आहे. मार्चमध्ये बी.एस्सी.ची परीक्षा. पुढच्या आठवड्यात मात्र नागपूर गाठायचंच.

संक्रांतीचं हळदीकुंकू तुझ्या घरी तुझ्याशिवाय झालं. सासूबाई म्हणाल्या, "विमलची जागा खाली कायले ठेवायची? तू बस." तुझं हिरवं लुगडं मला नेसायला दिलं. बायकांसमोर कुंकू लावलं, ओटीत खण आणि नारळ घातला. मी आपली मान वाकवली. शेजारच्या मथुराबाई म्हणाल्या, "आता नाव घे वं गजाननचं." सगळ्या हसल्या, मीही हसले. तुझ्या सासरची थट्टा जरा जाडच असते.

तुला एक गंमत सांगते. मागच्या अंगणातल्या हौदात म्युनिसिपालिटीच्या माणसानं डासांसाठी गप्पी मासे सोडले आहेत. माझा अभ्यास सध्या तिथेच चालतो. नर बोटाच्या पेराएवढा, शेपटी रंगीत, अंगावर नारिंगी ठिपका. मादी त्याच्या दुप्पट आणि साधी राखाडी, नटण्यामुरडण्याचं नाव नाही. नर तिच्यापुढे येतो, अंग वाकवतो, थरथरतो, ठिपका दाखवतो. ती बघते. नाही आवडला तर वळून चालू लागते, की पुढचा हजर. ताई, हा मुलगा पाहण्याचा कार्यक्रम आहे. चालून दाखवतो तो, आणि नाक मुरडते ती. मी एकटीच हसत होते. तू शेजारी हवी होतीस.

पत्र लिही.

तुझी
कमल

बऱ्हाणपूर
३ फेब्रुवारी १९५५

ताई,

मी नागपूरला गेलेली नाही. ट्रंक भरली होती. आदल्या दिवशी आई खकनारहून आली, मला वाटलं निरोप द्यायला आली. तिनं ट्रंक उघडली आणि पुस्तकं काढून कोनाड्यात रचली. म्हणाली, "कायले जातं आता? कुंकू लागलं नं तुले."

संक्रांतीला प्रत्येक बाईला कुंकू लागतं गं. माझ्या कुंकवात वेगळं काय होतं? मी बसून आठवलं. बाकीच्यांना वाण म्हणून कंगवे दिले होते. नारळ फक्त मला. या घरात मुलगी ठरवायची रीत म्हणे अशीच आहे. पाच सवाष्णींसमोर कुंकू, ओटीत नारळ, आणि मुलीनं मान वाकवली की तिचा होकार. घरातलीच पोर, बोलणी कशाला, बँडबाजा कशाला, असं आधीच ठरलं होतं. आईला माहीत होतं. मथुराबाईला माहीत होतं. बुधवाऱ्यातल्या कुत्र्यालाही माहीत असेल. एकटी मी तेवढी कुंकू लावून घेऊन तिळगूळ वाटत फिरत होते.

मी आईला म्हटलं, विमलताई जिवंत आहे. तर ती म्हणाली, विमलनंच कळवलंय. तुझ्या पाकिटातली ती ओळ तिनं मला वाचून दाखवली: 'कमलला माझ्या घरात आणा, माझी हरकत नाही.'

अक्षर तुझं आहे. 'क'ची शेपटी तूच तशी वळवतेस. पण हे तू लिहिलंस? मनानं लिहिलंस? लिहिताना शेजारी कोण उभं होतं? मला एकदा सांग. मी तुझी हरकत नसलेली वस्तू आहे का?

मला फार राग आलाय, ताई. तू आजारी आहेस म्हणून तो गिळावा असं सगळ्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

कमल

बऱ्हाणपूर
२२ फेब्रुवारी १९५५

प्रिय ताई,

रागाच्या पत्रालाही उत्तर नाही. ठीक आहे, राग बाजूला ठेवून लिहिते.

रावेरहून लोटूमामा आले होते. मला वाटलं, एक तरी माणूस माझ्या बाजूचं आलं. जेवता जेवता म्हणाले, "आमच्या तिकडे मुंबई राज्यात एक बायको असता दुसरी केली तं जेल व्हते. तुमच्या मध्यप्रदेशात तसं काही नाही." मी ताट वाढता वाढता म्हटलं, मामा, मग मला रावेरला घेऊन चला. मामा हसले. "अवं, म्हणून तं सांगायले आलो. दिल्लीत साऱ्यांसाठी तसाच कायदा करून राहिले. त्याच्या पहिले उरकून घ्या." घोटभर पाणी पिऊन त्यांनी वैशाखाचे मुहूर्तही सांगितले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मग मी स्वतःच सासूबाईंना सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "मले नातू पाहिजे, घरात बाई पाहिजे. विमलच्याच पोरीचं भलं व्हावं म्हणून तुले आणून राहिली मी. विमलनं लिहून द्यावं, माझी मर्जी नाही म्हणून. मी जबरदस्ती नाही करणार. गजाननची आण."

तेव्हा हे असं आहे. माझ्या 'नाही'ला या घरात किंमत नाही. तुझ्या 'नाही'ला आहे. एक पोस्टकार्ड टाक. 'माझी मर्जी नाही' एवढंच लिही, खाली सही कर. तू तेवढं लिहिलंस तर मी परीक्षेला बसेन, मास्तरीण होईन, तुला बरं वाटेपर्यंत सुमीला हवं तर तळहातावर वाढवीन. तुझ्याशी भांडणार नाही. हे पाकीट कधी आलंच नव्हतं असं समजेन.

वेळ जावा म्हणून मी माशांशी खेळते. स्वयंपाकघरातल्या तीन काचेच्या बरण्या पळवल्या आहेत. मधल्या मोठ्या बरणीत मादी, दोन्ही बाजूंना काचेला काच लावून एकेक नर. एकाचा ठिपका पेटल्यासारखा नारिंगी, त्याला मी झकपक म्हणते. दुसरा मळकट, त्याचं नाव मळका. मादी ज्याच्या बाजूच्या काचेशी जास्त वेळ राहील तो तिला पसंत. हौदातल्या किती तरी माद्या आणून पाहिल्या. बहुतेक सगळ्या झकपककडे. मळका बिचारा थरथरून थरथरून थकतो, कोणी ढुंकून बघत नाही.

सासूबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "मच्छ्यांचं लग्न लावून राहिली काय वं? आपलं पाह्य."

पोस्टकार्डाची वाट बघते.

तुझी
कमल

बऱ्हाणपूर
१५ मार्च १९५५

प्रिय ताई,

आज माझा प्राणिशास्त्राचा पेपर होता. म्हणजे नागपूरला होता. मी इथे हरभरे निवडत होते.

तुझं कार्ड आलं नाही. पोस्टमन आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

बरण्यांमध्ये एक नवल घडलं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोठी बरणी धुवायची होती, म्हणून त्यातली थोरली मादी मी तात्पुरती मळक्याच्या बरणीत टाकली. नंतर धुतलेल्या बरणीत एक अगदी तरणी मादी सोडली. ती काचेतून बघत राहिली, थोरली आणि मळका शेजारी शेजारी. थोड्या वेळानं मी थोरलीला हौदात सोडून आले. आणि ताई, ती तरणी मळक्याच्या काचेशी जाऊन उभी राहिली. झकपक पलीकडे नाचून नाचून अर्धा झाला, ही वळेना. मला वाटलं योगायोग असेल. मग मी मुद्दाम दुसऱ्या तरण्या माद्या आणल्या. पुष्कळशा तशाच वागल्या. पुस्तकात हे कुठे नाही, निदान माझ्या पुस्तकात नाही. थोरली ज्याच्याजवळ दिसली, तोच धाकटीला चांगला वाटतो.

मला आधी आनंद झाला, काहीतरी सापडल्याचा. कोणाला सांगू असं झालं. मग हरभरे निवडता निवडता माझा हात थांबला. थोरलीनं मळक्याला कुठे निवडलं होतं? तिला त्या बरणीत मी टाकलं होतं. मला बरणी धुवायची होती म्हणून.

तुला बघायला आले तेव्हाचं मला सगळं आठवतं. तू पाटावर मान खाली घालून बसलीस. सासूबाईंनी तुला सुईत दोरा ओवायला लावला. भाऊजी चिवड्याच्या बशीकडे बघत होते. लग्नानंतरच्या पहिल्या अक्षय्य तृतीयेला तू आखाजीसाठी माहेरी आलीस, तेव्हा झोक्यावर मी तुला विचारलं होतं, भाऊजी कसे आहेत? तू म्हणालीस, 'चांगले आहेत.' मी तेव्हापासून ते वाक्य खरं धरून चालले. आज विचारते, ताई. कोणापेक्षा चांगले? तू दुसऱ्या कोणाला पाहिलं होतंस?

काल मी भाऊजींनाही विचारलं. ते हौदावर हात धूत होते. मी म्हटलं, तुमच्या मनात काय आहे? म्हणाले, "विमलनं लिहिलं, आईनं ठरवलं." मी म्हटलं, आणि तुम्ही? त्यांनी धुतलेले हात पुन्हा धुतले. चेहरा असा झाला की मलाच त्यांची दया आली. मग म्हणाले, "दुकान उघडायचं आहे मले." आणि गेले. तो माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला पळून जाता आलं असतं.

तू दिवाळीपासून त्यांना पाहिलेलं नाहीस, हे काल माझ्या लक्षात आलं. ते तुला भेटायला आलेच नाहीत, हो ना?

लिही गं. शिव्या दे, पण लिही.

कमल

बऱ्हाणपूर
६ एप्रिल १९५५

ताई,

तुझं पत्र आलं. मी ते पाठ केलंय. तुझीच वाक्यं तुला परत लिहून पाठवते, म्हणजे तुलाही ती एकदा बाहेरून वाचता येतील.

'कमे, मी शुद्धीवर लिहिलं, शेजारी कोणी उभं नव्हतं. ते दुसरी करणार हे ठरलेलंच आहे. त्यांना मुलगा हवा, आणि डॉक्टरांनी मला मूल होऊ द्यायचं नाही असं सांगितलंय. परकी आली तर क्षयवाली म्हणून मला ओसरीवरही टेकू देणार नाही. माझी भांडी वेगळी, बाज वेगळी, आणि एक दिवस घरच वेगळं. सुमीला ती कशी वागवेल ते देव जाणे. खकनारला दादा आहे, पण वहिनीनं आधीच कळवलंय की तिची लेकरं लहान आहेत. तू त्या घरात असलीस तर मागची खोली मला मिळेल. जगले तर तिथे पडून राहीन. तू हुशार आहेस, तुला कुठेही जागा मिळाली असती. मला कळतं मी काय मागते आहे. तरी मागते.'

तू माफी मागितली नाहीस. मागितली असतीस तर मला 'नाही' म्हणायला सोपं गेलं असतं.

मी खूप विचार केला. नागपूरला मास्तरीण होईन, खोली घेईन, तुला आणि सुमीला घेऊन राहीन, असं सगळं ठरवलं. किती सुरेख दिसत होतं ते. मग ध्यानात आलं की क्षयाच्या माणसाला खोली कोण देणार, आणि सुमी तर त्यांची. तिला या घराबाहेर कोणी पाऊल टाकू देणार नाही.

हौदात मादीला नर नकोसा झाला की ती शेवाळात शिरते, तो शोधत बसतो. म्हणून मी एका छोट्या बरणीत मळका आणि एक मादी एकत्र ठेवून पाहिली. तिथे शेवाळ नाही. तो मागे, ती पुढे, गोल गोल. बराच वेळ ती फिरत राहिली. मग फिरायची थांबली. मी वहीत 'पसंत' असं लिहिणार होते, माझ्यानं लिहवलं नाही. पसंती असायला आधी पळून जायला जागा असावी लागते. तेवढं मला माशांकडून कळलं, आणि त्याचा उपयोग शून्य.

तुझं उत्तर आल्याचं मी इथे कोणाला सांगितलेलं नाही.

कमल

खकनार
आखाजीचा दिवस

प्रिय ताई,

लग्नाआधीची शेवटची आखाजी म्हणून मला माहेरी पाठवलंय. आईनं सांजोऱ्या केल्यात. पोरी झोक्यावर गाणी म्हणताहेत. मला बोलावून गेल्या, मी डोकं दुखतं म्हणाले.

निघण्याआधी मी सासूबाईंना माझा होकार सांगितला. कोणी मागितला नव्हता, तरी दिला. तेवढी मिजास मला करायची होती. त्या कैऱ्या चिरत होत्या. म्हणाल्या, "तो तं संक्रातीलेच दिला नं तू." आणि कैऱ्या चिरत राहिल्या. बरण्या लोणच्याला हव्यात म्हणून त्यांनी मासे हौदात ओतून दिले होते. झकपक, मळका, सगळे एकत्र.

ताई, एक गोष्ट मात्र नीट समजून घे. मी भाऊजींना निवडलेलं नाही. ते घर निवडलेलं नाही. मी तुला निवडलंय. तुला मागच्या खोलीत खिडकीशी बाज टाकून मिळावी म्हणून. मला दुसऱ्या कशाचीही आशा नाही, तेव्हा एवढी तरी फळाला येऊ दे. औषध वेळेवर घे. मोसंबी खात जा.

कमल

बऱ्हाणपूर
२४ मे १९५५

प्रिय ताई,

लग्न झालं. दारातच उरकलं, जेवायला मोजकी माणसं होती. लोटूमामांनी अंतरपाट धरला.

दिल्लीचा कायदा गेल्या आठवड्यात लागू झाला. इथे मध्यप्रदेशातसुद्धा आता दुसरी बायको करता येत नाही. भाऊजींनीच, म्हणजे यांनी, मला वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं. अजून तोंडातून 'भाऊजी' निघतं आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. सासूबाईंनी नाकाला बोट लावून म्हटलं, "बरं झालं, वेळेत उरकलं." मी ती बातमी नंतर एकटीनं पुन्हा वाचली. मग तो कागद चुलीत घातला.

सुमी आता माशी म्हणत नाही. तिला आई म्हणायला शिकवलंय. मी नाही शिकवलं. मी तिला तुझा फोटो दाखवून सांगत असते, ही आई. ती दोघींकडे बघते आणि खेळायला पळते.

तू विचारलंस, ते माझ्याशी कसे वागतात. चांगले आहेत.

मागच्या खोलीतली अडगळ मी काढली. भिंतींना चुना दिला. खिडकीची कडी मोडली होती, ती बसवून घेतली. तुझं पांघरूण उन्हात घालून ठेवलंय.

कमल

बऱ्हाणपूर
१९ जुलै १९५५

प्रिय ताई,

डॉक्टरांचं पत्र आलं. इंजेक्शनं लागू पडली, थुंकीत आता काही सापडत नाही, श्रावणात घरी सोडू. यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि चष्मा पुसत बसले. मी देवापुढे साखर ठेवली.

आता सासूबाईंनी जे लिहायला सांगितलंय ते आधी लिहिते. त्या समोर बसून सांगत होत्या, मी शब्द बदललेले नाहीत. "तिले म्हणा, तिकडूनच सीधं खकनारले जाय. कमलले दिवस गेले आहेत. क्षयाचं माणूस आता घरात नको. बाळंतपण होऊ दे, मंग पाहू." हो, ताई, मला दिवस गेलेत. हे तुला मी आधी कळवायला हवं होतं, पण हात होत नव्हता. मागची खोली बाळंतिणीसाठी ठरलीय.

मी भांडले. मी म्हटलं, त्या खोलीसाठीच मी या घरात आले. त्या म्हणाल्या, "तू नातवासाठी आली." दोन दिवस मी जेवले नाही. तेव्हा यांनी ताट घेऊन माझ्यापुढे बसून सांगितलं, "पोटातल्याचा तं विचार कर." मी जेवले. खकनारला दादाला लिहिलं, वहिनीचं उत्तर आलं की श्रावणात त्यांच्याकडे गोवराची साथ असते. साथ आगाऊ कळवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

आता माझं लिहिते. तू खकनारला जाऊ नकोस. स्टेशनवर उतर, टांगा कर आणि सरळ इथे ये. दारात वाद होईल. मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. हे मी दहा वेळा मनाशी म्हटलंय.

पण तुझ्यापासून लपवून मी आता कोणाशी बोलू? डॉक्टरांचं पत्र वाचलं तेव्हा मी आनंदानं रडले, ते खरं आहे. साखर ठेवली तेही खरं. आणि देवापुढून उठताना माझा हात पोटावर गेला आणि मनात आलं, ताई इथे आली तर बाळाला काही होणार नाही ना? लगेच मी तो विचार झटकला. पण तो सासूबाईंनी घातला नव्हता, आईनं घातला नव्हता, यांनी घातला नव्हता. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी माझं मला वाटलं, आणि ते हे.

गाडीचा दिवस कळव. नाही कळवलास तर का नाही, ते मला समजेल.

तुझी
कमल